तिसावं नाव

सिडनीच्या दक्षिणेला, आमच्या सॉल्टर्स बेमध्ये कुणालाही विचारा, नाउम कोचोव्स्कीचं डोकं आता पहिल्यासारखं राहिलेलं नाही, असंच सांगतील. बेकरीतली बाई हळू आवाजात सांगेल, चर्चमधला पाद्री मान हलवत सांगेल, आणि क्लबातले लोक तर त्याच्यासमोरच सांगतील, जणू त्याला ऐकूही येत नाही. हे कानावर पडलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. या अख्ख्या किनाऱ्यावर नाउमइतकी शाबूत स्मरणशक्ती दुसऱ्या कुणाची नाही, आणि हे मला चांगलं ठाऊक आहे. पण मी गप्प बसतो, कारण त्याने माझ्याकडून तसा शब्द घेतला आहे. तुमची आणि त्याची गाठ पडण्याचा काही संभव नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

नाउम माझा शेजारी. पोलादाच्या कारखान्यात बावीस वर्षं आम्ही एकाच क्रेनवर पाळ्या केल्या. मला तो नावाने हाक मारत नाही, 'कोम्शो' म्हणतो. त्यांच्या मॅसेडोनियन बोलीत शेजाऱ्याला तसं म्हणतात. क्लबातले खेळाडू त्याला 'चिचो' म्हणतात, म्हणजे काका. वय चौऱ्याहत्तर, खांदे अजून दारात मावत नाहीत असे, आणि डाव्या हाताच्या दोन बोटांना नखं नाहीत. ती कारखान्याने ठेवून घेतली.

हा फुटबॉल क्लब त्याच्याच लोकांनी काढला. तळ्याकाठच्या गावांतून आलेली माणसं; त्यांनी गावाकडच्या डोंगराचं नाव दिलं, गालिचित्सा. पुढे फुटबॉल संघटनेचं फर्मान सुटलं की क्लबांना दूरदेशीची नावं नकोत, तेव्हा पाटी बदलून 'सॉल्टर्स बे' केली. बदलली ती फक्त पाटी. अजूनही घोषणा गालिचित्साच्याच होतात, आणि मैदानाच्या कोपऱ्यावर निखाऱ्यांवर भाजलेले खिम्याचे केबापी खाल्ल्याशिवाय कुणी आत येत नाही.

या क्लबाचा चिटणीस म्हणून नाउमने सव्वीस वर्षं काढली, फुकट. काम काय, तर खेळाडूंची नोंदणी. कोण कुठून आला, कुणाला किती पिवळी कार्डं, कुणावर बंदी, कुणाची कधी सुटते. सगळं तोंडपाठ. दोनशे पोरांच्या जन्मतारखा त्याला पाठ, पासपोर्टचे आकडे पाठ, बुटांची मापं पाठ. त्याची बायको ल्युप्का म्हणायची, "माझा वाढदिवस तेवढा ह्याला दर वर्षी नवीन असतो." तो संगणकाला हात लावत नसे. तो पाठीमागे उभा राहून सांगायचा आणि मी टाइप करायचो. सव्वीस वर्षांत वरून एकही कागद चूक म्हणून परत आला नाही, ही त्याची एकमेव बढाई. दारू पोटात गेली की ही गोष्ट तो सगळ्यांना सांगायचा आणि सगळे ऐकून घ्यायचे, कारण ती खरी होती.

मग परवाच्या साली आमच्या क्लबाने देशाचा कप जिंकला. कसा जिंकला ते आम्हालाही नीट कळलेलं नाही. अंतिम सामन्यात समोर पगारी खेळाडू, आमच्याकडे प्लास्टर करणारे दोघं, एक शाळामास्तर, एक आग विझवणारा. एकशे वीस मिनिटं आम्ही नुसते गोलसमोर उभे राहिलो आणि पेनल्टीवर जिंकलो. फुटबॉलमध्ये आमचा देश आशियात धरतात, आणि कप जिंकणाऱ्याला आशियातल्या क्लबांच्या स्पर्धेत जागा मिळते. म्हणजे आम्हाला. अध्यक्ष कीरो सिमेंट-काँक्रीटची कंत्राटं घेतो, रडणारा माणूस नव्हे. तो पार्किंगमध्ये गाडीच्या बॉनेटवर डोकं ठेवून रडला.

स्पर्धेची पहिली पायरी म्हणजे पात्रता सामना, तोही एकच, फिलिपिन्सच्या क्लबाशी. त्यासाठी तीस नावांची यादी पाठवायची होती. कोच ब्रेट हॅनिगनने एकोणतीस नावं दिली आणि म्हणाला, तिसावं तुम्ही बघा, मला तीसही लागत नाहीत, अठरा उभे राहिले तरी पुष्कळ.

आता तिसावं नाव उघड होतं. गोत्से. आमच्याच गल्लीत वाढलेला, चौतीस वर्षांचा, सहा वर्षं मलेशियात पैसे घेऊन खेळून घरी परतलेला. आमच्याकडचा एकमेव माणूस ज्याने ही आशियाई स्पर्धा आधी खेळली होती. पण तिथल्या शेवटच्या सामन्यात त्याने रेफरीच्या छातीवर हात ठेवून ढकललं, आणि या स्पर्धेतल्या सहा सामन्यांची बंदी ओढवून घेतली. तो क्लब बाहेर पडला, गोत्से इकडे आला, आणि बंदी सामानाबरोबर आली. पात्रतेचा एक, मग गटात जिंकून गेलोच तर त्यातले पाच. सहा झाले. गटातला सहावा, म्हणजे एकूण सातवा सामना त्याला खेळता येणार होता. आपल्या गावात, आपल्या लोकांसमोर. आईला त्याने तेव्हाच सांगून ठेवलं होतं.

"तिसावं कोण?" मी विचारलं. माझी बोटं 'गोत्से' टाइप करायला तयारच होती.

नाउम खिडकीतून बाहेर बघत होता. मैदानावर सराव चालू होता आणि दूरच्या गोलमध्ये पेरो एकटाच उभा होता. पेरो आमचा राखीव गोलकीपर. वय एक्केचाळीस, टायरचं दुकान, एकोणीस वर्षं क्लबात. एकोणीस वर्षांत त्याने पूर्ण सामने खेळले अकरा. बाकी सगळी वर्षं हातमोजे घालून बेंचवर. दर मंगळवारी आणि गुरुवारी सर्वांत आधी येणारा आणि शेवटी जाळी गुंडाळून ठेवणारा. त्याचं नाव ब्रेटच्या एकोणतीसांत नव्हतं. गोलकीपर तीन हवे होते आणि ते तीनही त्याच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान होते.

"गोत्से बसणारच आहे," नाउम म्हणाला. "जो खेळणार नाही त्याच्यासाठी जागा अडवून कशाला ठेवायची? पेरो लिही."

आमच्या क्लबात रिकामी जागा कुणाला बघवत नाही. बाहेरगावच्या सामन्याला बसमध्ये एक खुर्ची उरली तर कोपऱ्यावर बस थांबवून कुणाच्या तरी मामाला आत घेतात, मग मामाला फुटबॉल आवडो न आवडो. तेव्हा नाउमचं म्हणणं मला बरोबरच वाटलं. उलट छान वाटलं. मी पेरो लिहिलं.

आठवड्याने ओळखपत्रं आली. गळ्यात अडकवायची, फोटो असलेली, वर स्पर्धेचा शिक्का. पेरोने त्याचं कार्ड हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि विचारलं, "हे माझंच का?" ब्रेटने आपल्याला घेतलं असं तो समजला. नाउमने ते तसंच राहू दिलं. दुसऱ्या दिवसापासून ते कार्ड टायरच्या दुकानात, पैसे घेतात त्या खिडकीच्या वर टांगलेलं. चाक बदलायला आलेला प्रत्येक माणूस ते वाचूनच बाहेर पडत असे.

फिलिपिन्सवाल्यांना आम्ही एका गोलने हरवलं. गटासाठी नवीन यादी द्यायची वेळ आली तेव्हा आमचा एक बचावपटू कामावर शिडीवरून पडून घोटा मोडून बसला होता, त्याच्या जागी गोत्सेचं नाव घातलं. पेरो होता तिथेच राहिला. सगळं कसं नीट बसलं.

मग सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत जे चाललं त्याला मी आयुष्यातला सर्वांत मोठा गोंधळ म्हणेन. कामावरून सुट्ट्या काढून पोरं विमानात बसायची. विमानतळावर ल्युप्काच्या हातच्या लाल मिरच्यांच्या आय्वारच्या सात बरण्या काढून घेतल्या, ते दुःख ती अजून सांगते. थायलंडच्या उकाड्यात आमचा आग विझवणारा चक्कर येऊन पडला. हाँगकाँगमध्ये मास्तरने चाळीस मीटरवरून गोल केला आणि नंतर कबूल केलं की तो पास होता. जिंकलो, हरलो, दोनदा बरोबरी केली, पुन्हा जिंकलो. प्रत्येक सामन्याला गोत्से शर्टपँट घालून बेंचच्या मागे बसायचा आणि शेवटची शिट्टी वाजली की नाउमसमोर बोटं धरायचा. तीन. चार. पाच. थायलंडहून परतताना त्याने सहा बोटं धरली.

"झाले ना चिचो? नक्की?"

"झाले," नाउम म्हणाला. "मी मोजलेत."

शेवटचा सामना आमच्याकडे, कंबोडियाच्या क्लबाशी. बरोबरी झाली तरी आम्ही पुढच्या फेरीत, म्हणजे आशियातल्या शेवटच्या सोळांत. आमचं मैदान या स्पर्धेच्या नियमात बसत नाही म्हणून सामने शहरातल्या मोठ्या मैदानावर व्हायचे. डिसेंबरची संध्याकाळ, डोंगरावर अजून ऊन होतं, अकरा हजार लोक. माझ्याही गळ्यात कार्ड होतं. संगणक सांभाळणारा म्हणून मी बेंचच्या मागच्या टेबलावर, माझ्या शेजारी बहारीनहून आलेले सामना निरीक्षक. अतिशय सभ्य गृहस्थ. त्यांनी ल्युप्काचा चीज भरलेला बुरेक खाऊन तिला उठून धन्यवाद दिले होते.

पासष्टाव्या मिनिटापर्यंत आम्ही दोन-शून्यने पुढे होतो. ऐंशीव्या मिनिटाला लोकांनी गोत्सेच्या नावाचा घोष सुरू केला. ब्रेटला त्याला उतरवायची काहीच गरज नव्हती, पण त्याने मागे बघितलं, हसला आणि अंगठ्याने खूण केली. बदलीची चिठ्ठी नाउमने स्वतः भरली, स्वतःच्या हाताने चौथ्या पंचाला दिली. गोत्से आत गेला तेव्हा ब्याऐंशी मिनिटं झाली होती. त्याची आई उभी राहून दोन्ही हातांनी तोंड झाकून बघत होती.

निरीक्षकांनी समोरचे कागद चाळले. एकदा चाळले, पुन्हा चाळले. मग नाउमला हाताने जवळ बोलावलं.

"हे गृहस्थ पात्रता सामन्याच्या यादीत नव्हते," ते म्हणाले.

"त्याच्यावर बंदी होती ना."

"म्हणूनच असायला हवे होते, साहेब."

मला पहिल्यांदा अर्थच कळला नाही. नाउमला कळला. त्याच्या तोंडावरचा रंग कसा उतरला ते मी बघितलं. या स्पर्धेचा नियम असा, की बंदीवाल्या माणसाचं नाव यादीत असलं तरच तो सामना त्याच्या बंदीत धरायचा. यादीतच नसेल तर तो बाहेर बसला असं होतच नाही; तो मुळात तिथे नव्हताच. आमच्या रविवारच्या लीगमध्ये बंदी माणसाला असते. क्लब खेळला, माणूस बसला, एक सामना गेला. नाउम सव्वीस वर्षं तसंच मोजत आला होता. पात्रतेचा सामना धरायचाच नव्हता. सहा नव्हे, पाच झाले होते. आज सहावा होता.

"त्याला बाहेर काढू?" नाउमने विचारलं.

निरीक्षकांनी नाही म्हणून मान हलवली. माणूस एकदा आत गेला की गेला, मग एक मिनिट खेळो की नव्वद. ते हळूच म्हणाले की आपल्याला अहवालात लिहावं लागेल, आणि आपल्याला फार वाईट वाटतं. मला वाटतं, त्यांना खरंच वाईट वाटत होतं.

राहिलेली आठ मिनिटं नाउम तिथेच उभा राहिला. अकरा हजार माणसं गात होती. गोत्सेने एकदा चेंडू टाचेने मागे ढकलला आणि सगळं मैदान हसलं. बेंचवरची पोरं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून ओळीने उभी होती, पेरो मधोमध. काय घडून गेलं आहे हे अख्ख्या मैदानात तिघांनाच माहीत होतं, आणि आम्हा तिघांपैकी कुणालाही काहीही करता येत नव्हतं. शिट्टी वाजली. गोत्से धावत आला आणि त्याने नाउमला उचललं, सव्वाशे किलोचा माणूस, कमरेला धरून उचलला. नाउमचे पाय हवेत लोंबत होते आणि तो माझ्याकडे बघत होता. ती नजर मी विसरू शकत नाही.

त्याने त्याच संध्याकाळी कीरोला सांगितलं. कीरो म्हणाला की सिडनीतला वकील बघतो, तोवर कुणाला कळू देऊ नका. पण तिसऱ्या दिवशी वरून पत्र आलं: चोवीस तासांत लेखी खुलासा द्या, सदर खेळाडूचं नाव पहिल्या यादीत का नव्हतं. खुलासा चिटणीसाने द्यायचा. म्हणजे नाउमने सांगायचं आणि मी टाइप करायचं.

आम्ही माझ्या स्वयंपाकघरात बसलो. मी सरळ जे झालं तेच लिहायला घेतलं, की नियमाची कल्पना नव्हती, बंदीवाल्याची जागा दुसऱ्या खेळाडूला दिली. नाउमने माझा हात धरला.

"दुसरा खेळाडू कोण, असं विचारतील."

"विचारू देत. सांगू पेरो म्हणून. त्याने काय गुन्हा केलाय?"

"कीरो हे पत्र सभेत वाचणार, कोम्शो. सगळ्यांसमोर. पेरोच्या जागेपायी गालिचित्सा आशियातून बाहेर पडली, असं होईल ते. मग तो माणूस दुकान उघडेल का?" त्याने माझा हात सोडला. "लिही, विसरलो."

"काय विसरलो?"

"गोत्सेचं नाव घालायचं विसरलो. वय झालं. तसं लिही."

मी म्हणालो, हे खोटं आहे, आणि तू आणि विसरलो, यावर कुणी विश्वास ठेवायचा नाही. तो म्हणाला, "ठेवतील. म्हाताऱ्याबद्दल लोकांना हे एवढंच पटकन पटतं." मग त्याने माझ्याकडून शब्द घेतला. मी टाइप केलं. पहिल्या यादीतलं तिसावं नावही माझ्याच बोटांनी लिहिलं होतं आणि हेही माझ्याच बोटांनी लिहिलं, त्यामुळे मला दुसऱ्या कुणाला बोल लावायची सोय नाही.

निकाल शुक्रवारी आला. सामना आम्ही शून्य-तीनने हरलो असं धरलं. पुढच्या फेरीत कंबोडियावाले. वकिलाने अपील केलं, तेही फेटाळलं गेलं. जानेवारीतल्या एका रविवारी क्लबाच्या हॉलमध्ये सभा झाली, कीरोने सगळी पत्रं वाचली आणि शेवटी नाउमचा खुलासा वाचला. विसरलो, वय झालं. मला वाटलं होतं, आता आरडाओरडा होईल. नाउमलाही तसंच वाटलं असावं. तो खुर्चीचे हात घट्ट धरून शिव्या खायला बसला होता. पण कुणी खुर्चीतून उठलंही नाही. मग मागून कुणीतरी म्हणालं, बिचारा चिचो. आणि तिथून सगळं बिघडलं.

एकही माणूस त्याच्यावर रागावला नाही. एक सोडून. गोत्से दारात उभा होता, तो म्हणाला, "मी तुला विचारलं होतं. नक्की का म्हणून विचारलं होतं," आणि निघून गेला. महिनाभर त्याने नाउमकडे बघितलं नाही. रस्त्यात दिसला तर पलीकडच्या बाजूला जायचा. नाउम मला म्हणाला, "तो एकटाच माझ्याशी नीट वागतोय." तेवढाच त्याला आधार होता.

बाकीच्यांनी त्याला दयेने घेरलं. कीरोने त्याला सन्मानाने निवृत्त केलं, टाळ्या वाजवल्या, आणि चिटणीसपद एका तरुण मुलीला दिलं. चांगली मुलगी आहे, पण पहिल्याच महिन्यात तिचे दोन फॉर्म परत आले. ते पाहून नाउम मला म्हणाला की तिसऱ्या नंबरच्या मुलाची जन्मतारीख चुकलीये, सतरा नव्हे सत्तावीस. मी ते तिला सांगितलं, तर ती गोड हसून म्हणाली, "चिचोला सांगा, मी बघते हं." तिने बघितलं नाही. तो फॉर्म पुन्हा परत आला.

सिडनीहून त्याची मुलगी वेस्ना आली आणि त्याला डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरने घड्याळ काढायला लावलं, शंभरातून सात-सात वजा करायला लावले, पाच शब्द सांगून दहा मिनिटांनी विचारले. नाउमला पैकीच्या पैकी गुण मिळाले. ल्युप्का घरी येऊन म्हणाली, झालं का समाधान, मी सांगत होते. पण वेस्ना म्हणाली की सुरुवातीला असंच असतं, परीक्षेत पकडलं जात नाही. ही बातमी गावभर गेली: चिचोचं सुरुवातीला असंच आहे. गाडीची चावी वेस्नाने बरोबर नेली.

ल्युप्काने मला एकदा कुंपणाशी गाठलं. तिला संशय होताच. "पन्नास वर्षं ह्या माणसाबरोबर काढलीत," ती म्हणाली, "हा विसरत नाही. हा लपवतो. काय लपवतोय?" मी म्हणालो, मला काय माहीत. ती माझ्याकडे बघत राहिली आणि आत गेली. त्या दिवसापासून माझ्याकडे बुरेक येणं बंद झालं आहे.

फेब्रुवारीत गोत्सेही गेला, म्हणजे त्याचा राग गेला. त्याच्या आईने त्याला समजावलं असणार. तो केक घेऊन नाउमच्या दारात आला आणि म्हणाला, "मला माहीत नव्हतं चिचो, तुझी तब्येत अशी आहे. मी उगाच तुझ्यावर डाफरलो." नाउमने केक घेतला. संध्याकाळी तो केक न कापताच घेऊन माझ्या ओट्यावर येऊन बसला.

मोसम पुन्हा सुरू झाला तसं पेरोने एक काम स्वतःहून अंगावर घेतलं. दर रविवारी दुपारी दुकानाची व्हॅन घेऊन तो नाउमला न्यायला येऊ लागला, कारण नाउमकडे गाडी नव्हती. मीही बरोबर जायचो. पेरो नाउमच्या कोपराला धरून पायऱ्या उतरवायचा. मग व्हॅनशी उभं करून, सावकाश, मोठ्या आवाजात विचारायचा, "चिचो, मी कोण? सांग बघू."

"पेरो," नाउम म्हणायचा. "नऊ मार्च, त्र्याऐंशी. बूट चव्वेचाळीस, हातमोजे दहा नंबर."

पेरो माझ्याकडे वळून डोळा मारायचा. "आज बरा आहे."

हे असं चार-पाच रविवार चाललं. मी दात आवळून बसायचो. नाउम सहन करायचा, कारण पेरोचा चेहरा त्या वेळी खरोखर आनंदी असायचा.

गेल्या रविवारी टायरच्या दुकानावरून जायचं होतं, एक जॅक घ्यायचा होता. नाउम व्हॅनमध्ये पुढे बसला, मी पेरोबरोबर आत गेलो. खिडकीच्या वरची जागा मोकळी होती. नुसता खिळा.

"कार्ड कुठे गेलं?" मी विचारलं.

"काढलं," पेरो म्हणाला. तो जॅक शोधत होता. "ब्रेट भेटला होता. त्याला म्हटलं, तू मला यादीत घेतलंस, आयुष्यभर लक्षात ठेवीन. तर तो म्हणतो, मी नाही, मी एकोणतीसच दिली होती. शेवटचं नाव चिचोने घातलं." तो उभा राहिला आणि फडक्याने हात पुसले. "मग लक्षात आलं माझ्या. त्याचं डोकं तेव्हापासूनच जात होतं. गोत्सेचं राहिलं आणि माझं पडलं. चुकून. नाहीतर मला कशाला कोण घेतंय?"

हे सांगताना तो हसत होता. सत्याच्या इतक्या जवळ येऊन हा माणूस नेमका चुकीच्या बाजूला वळला होता, आणि मला त्याला धरून वळवता येत नव्हतं. वळवायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं: चुकून नाही, तुला मिळायला हवं होतं म्हणून, आणि त्यानेच क्लब बुडाला. मी जॅक उचलला आणि बाहेर आलो.

व्हॅनची काच उघडी होती. दुकान काही लांब नाही आणि पेरोचा आवाज मोठा. नाउमने सगळं ऐकलं होतं हे मला त्याच्या मानेवरूनच कळलं. पेरो गाडीत बसला. किल्ली फिरवायच्या आधी नाउमने त्याच्या मनगटावर हात ठेवला, नखं नसलेल्या बोटांचा तो हात.

"तुझं नाव मी चुकून नव्हतं लिहिलं," तो म्हणाला. "मुद्दाम लिहिलं होतं. चांगला विचार करून."

सव्वीस वर्षांत त्याने इतकं हळू आणि इतकं स्पष्ट वाक्य कधी सांगितलं नसेल. पुढचं सांगावं लागलं तर सांगून टाकायला तो तयार होता, असं मला वाटतं.

पेरोने त्याच्याकडे फार मायेने बघितलं.

"हो चिचो," तो म्हणाला, "हो. मुद्दामच लिहिलंस तू," आणि वाकून त्याने नाउमचा पट्टा लावून दिला.